कपाशीवरची फवारणी आणि मिरगीची गोळी: दोघांचं दार एकच

कापूसवाला_घाटंजी (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.१०

मंडळी, जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या लहान भावाला मिरगी आहे. वय २६. पहिला झटका चार वर्षांआधी सोयाबीनच्या सवंगणीत आला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एक छोटा वाळलेला डाग निघाला, जंताच्या अंड्यामुळे झालेला. कार्बामाझेपिनची गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ, आणि पावणेतीन वर्षं एकही झटका आला नाही. मग घरातच ठरलं की पोरगा बरा झाला, आता कशाला रोज गोळी. डॉक्टरांना विचारलं नाही. ठरवणाऱ्यांत मीही होतो, आणि घरात सगळ्यात जास्त शिकलेला मीच.

गोळी सोडल्याच्या अकराव्या रात्री तो गव्हाला पाणी द्यायला गेला. आमच्याकडे थ्री-फेज लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. पहाटे तीनला बाजूच्या शेतातले काकाजी दांड फोडायला आले तेव्हा त्यांच्या बॅटरीच्या उजेडात हा दांडात पालथा पडलेला दिसला. दांडात चार बोटं पाणी. तोंड काठाच्या मातीवर होतं म्हणून जीव वाचला.

यवतमाळला नेलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ही गोळी आजार खोदून काढत नाही. पेशीच्या सोडियमच्या दारावर पहारा देते. पहारेकरी उठवला, चोर आला." सोडियमचं दार हा शब्द ऐकला आणि मला अकोल्याचा वर्ग आठवला. मी पंजाबराव कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलं आहे. कीटकनाशकं किडीला कशी मारतात यावर आम्हाला अख्खा पेपर होता. घरी येऊन फवारणीच्या डब्यांचं कपाट उघडलं आणि अर्धा तास तिथंच बसून राहिलो.

सायपरमेथ्रिन घ्या, नाहीतर लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. आपण बोंडअळीवर मारतो ती. अळीच्या मज्जापेशीचं सोडियमचं दार, म्हणजे ज्यातून सोडियम आत येतं आणि पेशी संदेश पाठवते ती वाट, एकदा उघडलं की ही औषधं ते लवकर लागू देत नाहीत. पेशी थांबायचं नावच घेत नाही. अळी थरथरते, वळवळते, मग लुळी पडते. ती थरथर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती एक प्रकारची फिटच आहे.

दुसरं उदाहरण फिप्रोनिलचं. पेशीला शांत करणारं एक क्लोराइडचं दार असतं, फिप्रोनिल तेच बुजवतं. ब्रेक गेला की किडा तडफडून मरतो. एंडोसल्फानही याच दारावर काम करायचं, ज्यावर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बंदी घातली.

आता मिरगीच्या गोळ्या पाहा. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन सोडियमच्याच दारावर, पण उलट्या दिशेने. फेनोबार्बिटल, क्लोबाझाम, मिडाझोलाम क्लोराइडच्याच दारावर, पण तिथेही उलट. एका कपाटात दार उघडं ठेवणारं औषध, दुसऱ्या कपाटात तेच दार सांभाळणारं. किड्याची पेशी आणि माणसाची पेशी इतक्या जवळच्या आहेत, हे मी चार वर्षं शिकूनही मला कधी असं जाणवलं नव्हतं.

माझी समजूत अशी झाली आहे की गोळी सोडियमचं दार बंद करून ठेवते, म्हणून झटका येत नाही. इथे डॉक्टर मंडळी आहेत. चुकलं असेल तर दुरुस्त करा. गावात मी हे चार लोकांना सांगणार आहे, चुकीचं सांगायचं नाही.

*

शाळेतली_बाई · रविवार, रात्री ९.५२

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. तुमचा भाऊ वाचला हे फार मोठं झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. एक मुलगी आहे, हुशार, पण पाढे म्हणता म्हणता मधेच थांबते. आठ-दहा सेकंद नजर एकाच ठिकाणी, पापण्या फडफडतात, मग जिथे थांबली तिथून पुढे. पडत नाही, फेस येत नाही. दिवसातून कितीतरी वेळा. मी तिला दोनदा "लक्ष कुठे आहे" म्हणून ओरडले. हीपण मिरगी असू शकते का?

*

वैद्यकी_चंद्रपूर · रविवार, रात्री १०.४०

कापूसवाला भाऊ, मी ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आहे. अठरा वर्षांत मी पेशंटला हे समजावण्यासाठी डझनभर उदाहरणं वापरली, फवारणीचं कधी सुचलं नाही. उद्यापासून तुमचंच वापरणार.

फक्त एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची आहे. गोळीने सोडियमची दारं खरोखर बंद करून ठेवली असती तर माणूस बोलला नसता, चालला नसता. खरी गंमत त्या दाराच्या तिसऱ्या अवस्थेत आहे.

शांत बसलेली मज्जापेशी आतून बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने उणी असते. तिला पुरेसा धक्का बसला की सोडियमची दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, पेशी क्षणभर अधिक होते. हाच संदेश. पण सुमारे एक हजारांश सेकंदात दाराला आतून बूच बसतं. दार म्हणायला उघडं, पण वाट बुजलेली. मग पोटॅशियम बाहेर जातं, पेशी परत उणी होते, तेव्हा कुठे बूच निघतं आणि दार पुढच्या वेळेसाठी तयार होतं. तुमचं सायपरमेथ्रिन या बुचाचं काम बिघडवतं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधं बूच बसलेल्या दारालाच चिकटतात आणि बूच निघायला उशीर लावतात.

आता पाहा काय होतं. साधं काम करणारी पेशी सेकंदाला काही वेळा, फार तर काही डझन वेळा संदेश पाठवते. दोन संदेशांच्या मध्ये तिला भरपूर वेळ असतो, औषधाचा उशीर तिला फारसा बाधत नाही. झटक्यातली पेशी सेकंदाला शेकडो वेळा उडते आणि शेजारच्या हजारो पेशींना सोबत ओढते. तिच्या दारांना सारखं बूच बसतं, औषध तिथेच जास्त चिकटतं, आणि पुढचा संदेश अडतो. जी पेशी जास्त धावते तिलाच हे औषध जास्त पकडतं. चालणाऱ्याला अडवत नाही.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उद्या सकाळी ओपीडीआधी लिहितो, पण तोवर त्या मुलीला ओरडू नका. ती त्या दहा सेकंदांत तिथे नसते.

*

कापूसवाला_घाटंजी (धागाकर्ता) · रविवार, रात्री ११.०५

डॉक्टरसाहेब, म्हणजे हे मोटरच्या स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेसारखं झालं! मोटरवर ताण आला की रिले ट्रिप होतो. लगेच हिरवं बटन दाबलं तरी मोटर उचलत नाही, रिले थंड व्हावा लागतो. जो दिवसातून एकदा मोटर लावतो त्याला रिले आहे हेही माहीत नसतं. जो सारखी चालू-बंद करतो त्यालाच तो अडवतो. गोळी रिलेचा थंड व्हायचा वेळ वाढवते. बरोबर का?

*

वैद्यकी_चंद्रपूर · रविवार, रात्री ११.१२

शंभर टक्के बरोबर. झोपतो आता, पण हे वहीत लिहून ठेवलं.

*

रानवाटा_झरी · सोमवार, सकाळी ६.३०

माह्या पोराले बी फिटा येते जी. चौदा वर्साचा हाय. आमच्या इकडं एक बाबा पुडी देते, म्हणते जडीबुटी हाय, इंग्रजी औषध नाई. खरं सांगतो, पुडी चालू हाय तोपर्यंत फिट येत नाई. पन पोट्टा दिवसभर पेंगते, शाळेत डुलक्या घेते. मागच्या महिन्यात पुडी संपली, दोन दिवस गेलो नाई, तर एका दिवसात चार फिटा आल्या. इतक्या त पहिले बी कधी आल्या नोहत्या. हे काऊन झालं असन?

आन दुसरं, आमी माळकरी मानसं. मटन-मच्छी काईच नाई. मंग भाऊच्या भावासारखं जंताचं अंडं आमच्यासारख्याच्या डोक्शात कसं जाईन?

*

वैद्यकी_चंद्रपूर · सोमवार, सकाळी ७.५५

रानवाटा दादा, आधी तुमचंच, कारण ते तातडीचं आहे.

जडीबुटीच्या नावाने दिलेल्या अशा पुड्यांमध्ये फेनोबार्बिटल मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या पुडीत काय आहे हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे पेंगणं आणि बंद केल्यावर झटक्यांचा मारा, अगदी त्याच औषधाची आहेत.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. ते पेशीवरचं क्लोराइडचं दार उघडतं. क्लोराइड आत आलं की पेशी आणखी उणी होते, तिला उडवायला जास्त धक्का लागतो. बैलाला वेसण असते तसं. फेनोबार्बिटल हे दार जास्त वेळ उघडं धरतं. क्लोबाझाम, डायझेपाम, मिडाझोलाम ते दार पुन्हा पुन्हा उघडायला लावतात. दोन्हींचा परिणाम एकच, वेसण घट्ट. पण रोज बाहेरून वेसण ओढली जाते म्हणून मेंदू स्वतःची पकड ढिली करून जुळवून घेतो. मग औषध एकाएकी थांबलं की ना बाहेरची ओढ राहते ना आतली. बैल उधळतो. तुमच्या मुलाच्या चार फिटा मला तशाच वाटतात.

म्हणून पुडीही आज झटक्यात बंद करू नका. मुलाला आणि पुडीला, दोघांना घेऊन या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर नीट मोजलेलं औषध सुरू करून मग पुडी हळूहळू सोडवतील. पुडी दाखवायला लाजू नका, ती पाहिली तर आम्हाला मदतच होते. फेनोबार्बिटल हे वाईट औषध नाही. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ते मिरगीवर वापरून दाखवलं, आणि स्वस्त असल्यामुळे आजही जगभर लाखो लोक त्यावर आहेत. वाईट आहे ते मोजमाप नसणं.

तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. डोक्यातली गाठ डुकराचं मांस खाल्ल्याने होत नाही. मांसातून पोटात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती उघड्यावर बसल्याने मातीत, पाण्यात, कोथिंबिरीत, मुळ्यात येतात. ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. म्हणजे खाणारा एक, भोगणारा दुसरा. माळकरी माणसालाही होते, मी अनेक पाहिले. कच्ची भाजी धुऊन, हात धुऊन, एवढंच आपल्या हातात.

बाई, आता तुमचं. तुम्ही वर्णन केलं ते "ॲब्सेन्स" प्रकारच्या झटक्याशी तंतोतंत जुळतं. तिचा ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख) काढला तर सेकंदाला तीन लाटांचा ठरावीक नमुना दिसण्याची शक्यता आहे. मुलीला दवाखान्यात दोन-तीन मिनिटं जोरजोराने श्वास घ्यायला लावला तर डॉक्टरांसमोरच ती थांबते, तेवढ्याने बरंच कळतं. या झटक्यात मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमधलं कॅल्शियमचं एक दार गडबड करतं. त्यावर इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट चालतं. आणि हे लक्षात ठेवा, धागाकर्त्याच्या भावाला वाचवणारी कार्बामाझेपिन या मुलीला दिली तर तिचे झटके वाढू शकतात. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्या लेकराला देऊ नये. आईवडिलांना दोष न देता सांगा. मोबाइलवर एखादा प्रसंग चित्रित करता आला तर सोन्याहून पिवळं.

*

मेडिकलवाला · सोमवार, दुपारी १.२०

काउंटरवरून रोज दिसतं ते लिहितो. लोक गोळीची पाच पानं नेतात आणि पुढच्या वेळी येतात तेव्हा हिशेबाने आठ पानं संपायला हवी होती. म्हणजे मधल्या गोळ्या चुकल्या. कधी लग्न, कधी नवरात्र, कधी पैसे. विचारलं तर म्हणतात, "एखाद-दोन चुकल्यानं काय होते?"

औषधाचा पहारा रक्तात औषध असेपर्यंतच. लेव्हेटिरॅसिटाम सहा-आठ तासांत निम्मं उतरतं, म्हणून ते दिवसातून दोनदा. फेनोबार्बिटल निम्मं उतरायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून रात्री एकदा पुरतं. आणि फेनिटॉइनची तर तऱ्हाच वेगळी. ते यकृतात मोडतं, पण यकृताची मोडायची ताकद एका हद्दीपर्यंतच. त्या हद्दीजवळ अर्धी गोळी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण भसकन वर जातं, माणूस झिंगल्यासारखा चालतो, डोळे हलतात. म्हणून "झटका आला, एक जास्त घेऊन टाक" असं कोणी सांगितलं तर फेनिटॉइनच्या बाबतीत तरी मुळीच ऐकू नका. हिरड्या सुजत असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, या गोळीने होतं.

*

उमरखेडची_आई · सोमवार, रात्री ८.१५

माझी मुलगी १९ वर्षांची. सकाळी उठल्याबरोबर तिचे हात झटकतात, कितीदा तर चहाचा कप उडाला. रात्रभर परीक्षेचा अभ्यास केला की दुसऱ्या दिवशी मोठा झटका ठरलेलाच. तीन वर्षांपासून व्हॅल्प्रोएट चालू आहे, त्याने छान थांबलं. पण वजन वाढलं, केस गळतात. आता स्थळं यायला लागली. माझ्या जाऊबाईंनी सांगितलं की लग्नाआधी गोळी बंद करून टाक, लग्नाच्या वेळी काही दाखवायला नको. मी रात्ररात्र झोपत नाही. काय करू?

*

वैद्यकी_चंद्रपूर · सोमवार, रात्री ९.४०

ताई, जाऊबाईंचं ऐकू नका, पण तुमची काळजी एका वेगळ्या कारणासाठी योग्य आहे.

सकाळचे हाताचे झटके, जागरणाने वाढणारा मोठा झटका, हे वय, यावरून हा किशोरवयातला मायोक्लोनिक प्रकार वाटतो. त्यात गोळी बंद केली की झटके बहुतेकांना परत येतात, मग वर्षानुवर्षं बरं असलं तरीही. मांडवात, जागरणानंतर, रिकाम्या पोटी झटका येण्याची सगळी तयारी तुम्हीच करून द्याल.

आता खरी गोष्ट. व्हॅल्प्रोएट हे औषध योगायोगाने सापडलं. ते १८८२ मध्येच बनवलं गेलं होतं आणि कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत फक्त विरघळवायचं द्रव म्हणून वापरत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी वेगवेगळी रसायनं त्यात विरघळवून तपासली, तर प्रत्येकच रसायन झटके थांबवू लागलं. शेवटी लक्षात आलं की काम रसायनं नाही, द्रव करत होतं. फार प्रभावी औषध आहे, सोडियमच्या दारावर आणि गाबावर दोन्हीकडे त्याचा हात आहे. पण गरोदरपणात ते बाळासाठी धोक्याचं आहे. ते घेणाऱ्या दहा मातांमागे साधारण एका बाळात जन्मजात व्यंग, आणि दहातल्या तीन-चार मुलांत पुढे वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलीला दुसरं चालत असेल तर आम्ही ते टाळतो.

तुम्ही आता न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन एकच विचारा, "पुढे लेकरू व्हायचं आहे, हिचं औषध बदलता येईल का?" बहुतेक वेळा लेव्हेटिरॅसिटामचा विचार होतो. त्याचं मुख्य काम या दारांवर नाही. एक पेशी दुसरीला रसायनांच्या बारीक पिशव्या फोडून निरोप देते, त्या पिशव्यांवर एसव्ही२ए नावाचं प्रथिन असतं, त्याला हे औषध धरतं आणि अति घाईतला मारा कमी होतो. त्याचं ते प्रथिन २००४ मध्ये कळलं. काहींना त्याने चिडचिड होते, तेवढं पाहत राहायचं. बदल हळूहळू करतात, जुनं उतरवत नवं चढवत. फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचं तेही त्याच भेटीत विचारा. नागपूरला जाणं जमत नसेल तर वर्ध्याकडची सावंगी, सेवाग्रामची मेडिकल कॉलेजं जवळ पडतील.

*

काळ्या_कोटातला_वर्धा · सोमवार, रात्री १०.२५

ताई, कायद्याचं मी सांगतो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणाऱ्या मिरगीच्या झटक्यांचा उल्लेख लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या जोडीला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. मिरगी आहे एवढ्यावरून लग्न आता बेकायदा ठरत नाही. पण लपवून लग्न लावलं तर फसवणुकीचा वाद उभा राहू शकतो. माझ्याकडे येणारे संसार आजाराने नाही, लपवल्याने मोडलेले असतात. मुलगी स्वतः बसून मुलाला सांगू दे.

*

उमरखेडची_आई · सोमवार, रात्री १०.५०

तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. मंगळवारी नंबर लावते. मुलीलाच हा धागा वाचायला दिला, ती म्हणाली, "आई, मला हे आधी कोणीच का नाही समजावलं?"

*

तुरीच्या_शेंगा · मंगळवार, सकाळी ७.०५

एक शंका. भावाने फवारणीची गोष्ट काढली म्हणून विचारतो. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या गावचा एक जण फवारता फवारता पडला, हातपाय झाडत होता. लोक म्हणाले मिरगी आली, कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा. फवारणीने मिरगी होते का?

*

वैद्यकी_चंद्रपूर · मंगळवार, सकाळी ८.३०

विषबाधेत येणारी फिट आणि मिरगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ झाला तर जीव जातो.

मिरगीत पेशीला स्वतःहून उडायची खोड लागलेली असते, कधी डागामुळे, कधी जन्मतः. मोनोक्रोटोफॉससारखं औषध अंगात गेलं तर ॲसिटिलकोलीन नावाचं निरोपाचं रसायन मोडणारं विकरच बंद पडतं. निरोप साचत जातो, पेशी थांबत नाही. फवारणारा माणूस पडला आणि त्याची बाहुली टाचणीएवढी झाली, तोंडातून लाळ, घाम, उलटी, छातीत घरघर, तर त्याला मिरगी समजून घरी ठेवू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा, डबा सोबत घ्या आणि लगेच न्या. तिथे ॲट्रोपीन लागतं, आणि फिट थांबवायला डायझेपाम किंवा मिडाझोलाम, म्हणजे तेच क्लोराइडचं दार.

चप्पल, कांदा, चाबी, दातांत चमचा, यातलं काहीही नको. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबतो. चप्पल हुंगवली तेव्हाच थांबायची वेळ आलेली असते, म्हणून श्रेय चपलेला जातं. कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, की १०८ ला फोन. ज्यांच्या घरी असं पूर्वी झालं आहे त्यांनी डॉक्टरांकडून मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून घ्यावा आणि घरातल्या दोघांनी तरी तो शिकून ठेवावा.

*

धाकटा_घाटंजी · मंगळवार, रात्री ९.१५

ज्याच्यावर धागा काढला तो मीच. दादाने आज दाखवला.

एक गोष्ट मी कोणालाच नीट सांगितली नव्हती. मला एकदम नाही येत. आधी उजव्या अंगठ्यात मुंग्या येतात, मग अंगठा आपल्या मनाने वाकतो, मग कोपरापर्यंत चढतं, मग तोंडाची उजवी बाजू ओढते. त्यानंतरचं मला माहीत नाही. त्या रात्री दांडावर अंगठा वाकला तेव्हा मला कळलं होतं. बॅटरी खाली ठेवली आणि काठाकडे सरकलो. तोंड मातीवर होतं ते नशिबाने नाही दादा, मी सरकलो होतो.

गोळी सोडायचं मीच आधी म्हटलं होतं. रोज सकाळी ते पान पाहिलं की आपण आजारी आहो असं वाटायचं.

*

वैद्यकी_चंद्रपूर · मंगळवार, रात्री ९.४८

धाकटे भाऊ, लंडनचे ह्युलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर १९ व्या शतकात अशाच पेशंटांजवळ बसून हा प्रवास टिपत होते. अंगठा, हात, चेहरा. त्यावरून त्यांनी ताडलं की झटका मेंदूच्या करड्या भागात एका जागी सुरू होतो आणि शेजारी पसरतो. तेव्हा ना ईईजी होता ना स्कॅन. तुमचा डाग डाव्या बाजूला, हाताच्या जागेजवळ असणार. स्कॅनचा रिपोर्ट काढून पाहा.

हे सगळं पुढच्या भेटीत डॉक्टरांना असंच सांगा. अंगठा वाकला की बसायचं, आगीपासून, विहिरीपासून, दांडापासून दूर. निदान एक वर्ष तरी रात्री एकट्याने ओलीत नाही, विहिरीत उतरणं नाही, झाडावर चढणं नाही, गाडी नाही. झटक्याशिवाय निदान दोन वर्षं गेली, की गोळी कमी करता येईल का हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता. तेव्हाही उत्तर डागावर आणि ईईजीवर ठरेल, आणि कमी करायची तर काही महिन्यांत पायरीपायरीने.

*

कापूसवाला_घाटंजी (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री १०.०२

रिपोर्ट काढला. "लेफ्ट फ्रंटल" लिहिलं आहे. चार वर्षांपासून कपाटात होता, मी वाचलाच नव्हता.

*

बांधाशेजारी · मंगळवार, रात्री १०.३०

मी त्या काकाजींचा पुतण्या. काकाजी मोबाइल वापरत नाही, त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, लिही. शुक्रवारपासून लाइन परत रात्रीची आहे. तुमच्या गव्हाचं शेवटचं पाणी ते देतील, दोन्ही मोटरी एकाच डीपीवर आहेत, त्यांना एक चक्कर सारखीच. बदल्यात दिवसाच्या आठवड्यात आमच्या हरभऱ्याचे स्प्रिंकलरचे पाइप धाकट्याने हलवायचे, आमचा गडी सोबत राहील.

*

धाकटा_घाटंजी · मंगळवार, रात्री १०.४१

काकाजींना सांगा, स्टार्टरच्या पेटीची चाबी सकाळी घेऊन येतो. गोळी घेऊनच निघतो.